साक्षीदाराची सही

निवडणूक आली की मोजणीसाहेबांच्या अंगात यायचं. एरवी बारा महिने हा माणूस मोजणी कार्यालयात नकाशांवर वाकलेला, नाहीतर कुणाच्या तरी कुंपणापाशी फीत धरून उभा. दोन्ही बाजूंचे शेजारी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे आणि हे मधे, कानात बोळे घातल्यासारखे, शांतपणे खुंट्या ठोकत असायचे. वीतभर जागा इकडची की तिकडची एवढंच ते शेवटी सांगायचे. कुणी फेरमोजणी मागितलीच तर आकडा तोच यायचा. म्हणून गावात त्यांना मान होता, आणि मान असलेल्या माणसाची होते तेवढी टिंगलही होती.

निवडणुकीच्या कामाचं पत्र कार्यालयात आलं की सगळ्यांच्या पाठी एकदम दुखायला लागायच्या. कुणाची सासू अंथरुणाला खिळायची, कुणाच्या रक्तात अचानक साखर निघायची. साहेब मात्र स्वतःहून वरिष्ठांच्या टेबलापाशी जाऊन उभे. सव्वीस वर्षांत त्यांनी एकोणीस निवडणुका केल्या, त्यातल्या चौदा केंद्राध्यक्ष म्हणून. केंद्राध्यक्ष म्हणजे एका मतदान केंद्राचा प्रमुख. त्या दिवशी त्या खोलीत त्याचाच शब्द चालतो. पेटीला सील लावायचं, पडद्याआड कुणी डोकावत नाही ना ते बघायचं, संध्याकाळी मतपत्रिका जुळवून ताब्यात द्यायच्या. त्यांच्या केंद्रावर एक मतपत्रिका कधी कमी-जास्त झाली नाही. नवख्यांना शिकवायलाही त्यांनाच बोलवायचे, आणि तिथे साहेब जुन्या चुकांचे किस्से असे रंगवायचे की माणसं पोट धरून हसायची. एका महाभागाने म्हणे पेटीची किल्ली पेटीतच टाकून वर सील ठोकलं होतं. "अशी माणसं असतात," साहेब म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं की आपण तसे नाही.

घरातही त्यांनी हे वेड पसरवून ठेवलं होतं. घर दोघा भावांचं. खाली पुढच्या बाजूला दादाचं मोटार वाइंडिंगचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि दादा-वहिनींची नि त्यांच्या मुलीची खोली, वर एका खोलीत साहेब. दुकानात जळलेल्या पंपांच्या मोटारी रांगेने पडलेल्या असायच्या, आणि तांब्याच्या तारेला लावायच्या व्हार्निशचा वास जिन्यावरून थेट साहेबांच्या उशीपर्यंत पोचायचा. लग्न त्यांचं झालं नाही. जुळवायला कुणाला सवड मिळाली नाही, असं ते म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, तीन ठिकाणी जुळत आलं होतं, पण भावोजींनी तिन्ही ठिकाणी मुलीच्या आधी घराची लांबी-रुंदी विचारली. वहिनी या घरात आल्या तेव्हा साहेब कॉलेजात होते. तेव्हापासून त्यांच्या ताटात वाढणारा हात वहिनींचा. शर्टाची गुंडी तुटली असं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ती लागलेली नसेल असं कधी झालं नाही.

याच वहिनी पहिल्यांदा मत द्यायला निघाल्या होत्या तेव्हा दादा सहज म्हणाला होता, "शिक्का कुठे मारायचा ते मी सांगतो."

साहेब भडकले होते. "तू कोण सांगणारा? पडद्याच्या आत तू नाहीस, मी नाही, कुणीच नाही. वहिनी, मत गुप्त असतं. नवऱ्याने विचारलं तरी सांगायचं नाही. सरळ म्हणायचं, गुप्त आहे."

वहिनींनी ते असं काही मनावर घेतलं की बस. दर निवडणुकीला त्या बोटाची शाई मिरवत घरी यायच्या, दादा विचारायचा, आणि त्या भुवया उडवून म्हणायच्या, "गुप्त आहे." मग दादा डोक्यावर हात मारायचा. जुन्या संसाराला अशा लहानसहान गमती पुरतात. ह्या दोघांना तरी पुरत होत्या.

मग एका वर्षी दादा स्वतःच नगरपालिकेला उभा राहिला. कारण गल्लीच्या तोंडाशी असलेलं गटार. ते वर्षातून चार वेळा तुंबायचं आणि पाणी दुकानात शिरून नुकतीच तार भरलेल्या मोटारींचा सत्यानाश करायचं. दादाने पालिकेत अर्ज दिले, हेलपाटे घातले, एकदा भिजलेली मोटार नेऊन अभियंत्याच्या टेबलावर ठेवली. शेवटी म्हणाला, मीच बसतो तिथे, बघू गटार कसं दुरुस्त होत नाही. समोर बेकरीवाला होता, दोन वेळा निवडून आलेला, हसतमुख आणि कामाच्या नावाने शंख. दादा मोठ्या मनाचा, भाबडा आणि चटकन तोंडावर बोलणारा. अशा माणसाने निवडणुकीला उभं राहू नये, पण अशीच माणसं राहतात.

वहिनींना हे खूळ पसंत नव्हतं. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना त्या चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला नळ सहा महिने गळतोय आणि हे निघाले गावाचं पाणी बघायला. मी तर नाही बाई देणार ह्यांना मत." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने दादा हसला.

भाऊच उमेदवार, म्हणून साहेबांना आपल्या वॉर्डात काम मिळणं शक्य नव्हतं. त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून नेमलं. म्हणजे मतदानाच्या दिवशी आपल्या वॉर्डात जाऊन मत देता येणार नाही, आधीच टपाली मत द्यायचं. दादाला त्याचाही आनंद. "टपालाची मतं आधी मोजतात ना रे? म्हणजे माझी बोहनी तुझ्या हातची."

टपाली मताची रीत अशी. मतपत्रिकेवर खूण करून ती लहान पाकिटात घालायची. सोबत एक घोषणापत्र भरायचं, की हा मीच आणि ही सही माझीच. त्या सहीखाली साक्षीदाराची रेघ असते. तिथे एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने, मी ह्यांना ओळखतो, म्हणून सही करायची. लहान पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात. कर्मचाऱ्यांच्या कागदावर त्यांचा केंद्राध्यक्ष साक्ष देतो. केंद्राध्यक्षाच्या कागदावर दुसऱ्या कुणी अधिकाऱ्याने द्यायची.

प्रशिक्षणाच्या दिवशी साहेबांनी हे सगळं फळ्यावर काढून समजावलं. मग त्यांच्या टेबलासमोर रांग लागली. त्यांच्या हाताखालचे चौघं तर होतेच, पण बाकीचे केंद्राध्यक्ष जेवायला पांगले होते, म्हणून त्यांची माणसंही साहेबांकडेच आली. साहेबांनी एकेकाचा कागद तपासला, चुकलेले आकडे दुरुस्त करायला लावले आणि साक्षीदाराच्या रेघेवर सही केली. सही, हुद्दा, शिक्का, आणि सहीखाली पट्टीने ओढलेली एक सरळ रेघ. ती त्यांची खासियत होती. बत्तीस कागद झाले. हात यंत्रासारखा चालला होता. शेवटी आपला कागद काढला, कोपऱ्यात जाऊन तळहाताचा आडोसा करून दादाच्या नावापुढे खूण केली, सगळं भरलं, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. घरी येऊन दादाला म्हणाले, "तुझी बोहनी झाली."

मतदान सुरळीत पार पडलं. संध्याकाळी साहेब थकून घरी आले तर दादा उत्साहाने नुसता उडत होता. गल्लीतले झाडून सगळे येऊन सांगून गेले होते, तुम्हालाच दिलं. वहिनी पोळपाटाशी होत्या, बोटावर शाई.

"आता तरी सांग," दादा म्हणाला. "नवरा उभा आहे."

वहिनींनी भुवया उडवल्या. "गुप्त आहे. तुमच्या भावाचीच शिकवण."

"शाब्बास, वहिनी," साहेब म्हणाले. त्यांना खरोखर अभिमान वाटला होता.

मतमोजणी शाळेच्या सभागृहात होती. साहेबांना दुसऱ्या वॉर्डाचं टेबल मिळालं होतं, आणि टपाली पाकिटांचं टेबल त्यांच्या शेजारीच होतं. सकाळी सगळ्यात आधी तेच सुरू झालं. दादाचा प्रतिनिधी म्हणून आलेला शिंपी तेव्हा दाराशीच अडकला होता, कारण ओळखपत्र सदऱ्याच्या कुठल्या खिशात ठेवलं ते त्याला आठवत नव्हतं. टपालाच्या टेबलावरचा तरुण अधिकारी पाकिटं फोडत होता. एका कागदाशी तो थांबला आणि हसू दाबत म्हणाला, "हे बघा. मतदार हाच आणि साक्षीदारही हाच. म्हणजे मी मला ओळखतो, असं ह्याने लिहून दिलंय."

टेबलाभोवती हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, आरशात बघून सही केली असेल. साहेबही हसले. चांगले मोकळेपणाने हसले, कारण पुढच्या प्रशिक्षणाला सांगायला एक फक्कड किस्सा मिळाला होता. "नियम स्पष्ट आहे," ते शेजारून म्हणाले. "अवैध. आतलं पाकीट उघडायचंसुद्धा नाही."

अधिकाऱ्याने कागद अवैधच्या गठ्ठ्यावर ठेवला. तो ठेवताना साहेबांची नजर त्यावर गेली. दोन सह्या होत्या, एकाखाली एक. दोन्हींच्या खाली पट्टीने ओढलेली रेघ होती.

साहेबांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. बत्तीस वेळा साक्षीदाराच्या रेघेवर सही करून झाल्यावर तेहेतिसाव्या वेळीही हाताने तेच केलं होतं, आणि डोक्याने हाताला विचारलं नव्हतं. अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचलं नाही, फक्त पाकिटाचा क्रमांक सांगितला. भला माणूस होता की त्याने नाव कुणाचं ते ओळखलंच नव्हतं, कोण जाणे. साहेबांनी तोंड उघडलं नाही. उघडून उपयोगही नव्हता. अवैध म्हणजे अवैध, आत्ताच तर स्वतः सांगितलं होतं. आणि एका मताने काय होतंय, असं त्यांनी मनाला सांगितलं. आयुष्यभर एकेका मताची किंमत लोकांना पटवून देणाऱ्या माणसाने असं म्हणावं, यावरून काय ते समजा.

दुपारी दादाच्या वॉर्डाची मोजणी संपली. दादा चारशे सदतीस, बेकरीवाला चारशे सदतीस. पुन्हा मोजली. पुन्हा तेच. मग नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या केल्या, एका रिकाम्या डब्यात टाकल्या आणि सभागृह झाडणाऱ्या बाईंना एक उचलायला सांगितली. त्यांनी बेकरीवाल्याची उचलली.

दाराबाहेर निकालाचा कागद लावला होता. त्यावर लिहिलं होतं, अवैध मतं अकरा, पैकी टपाली एक. दादाने वरचे दोन आकडे वाचले आणि तो घरी निघाला.

त्या संध्याकाळी तो दुकानात एका उघड्या मोटारीपुढे बसून होता, हात न लावता. साहेब सांगायचं ठरवूनच खाली उतरले होते. वाक्य तयार होतं. ते बोलणार एवढ्यात दादाच म्हणाला, "तुझं पोचलं होतं ना रे?"

"वेळेत पोचलं होतं," साहेब म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

"मला माहीतच आहे. तुझं कधी चुकायचं नाही," दादा म्हणाला आणि त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर सांगणं अवघड झालं. आज सांगावं तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न आला, आणि उद्या तो प्रश्न दोन दिवसांचा झाला.

शंभर-दोनशे मतांनी पडला असता तर दादा दोन दिवसांत विसरला असता. पण एक मत माणसाला झोपू देत नाही. एक मत म्हणजे एक माणूस, आणि माणसाला चेहरा असतो. दादा तो चेहरा शोधायला लागला. मतदारयादी घेऊन तो ओळीने नावं वाचायचा आणि आठवायचा, हा काय म्हणाला होता. सगळे एकच म्हणाले होते, तुम्हालाच दिलं. ज्यांनी दिलं होतं तेही आणि ज्यांनी बेकरीवाल्याला दिलं होतं तेही. अख्ख्या वॉर्डात "तुम्हाला दिलं" असं न म्हणालेलं माणूस एकच होतं, आणि ते त्याच्याच स्वयंपाकघरात होतं.

एक दिवस जेवताना त्याने विचारलं. या वेळी आवाजात गंमत नव्हती. "तू कुणाला दिलंस?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. भुवया जागच्या जागी राहिल्या. "असं विचारताय?"

"साधं विचारतोय."

"नाही, साधं नाही विचारत. आणि असं विचारल्यावर मी सांगणार नाही."

साहेब समोरच बसले होते. घास तोंडात होता. हीच ती वेळ होती हे त्यांना कळत होतं. घास गिळायचा आणि एक वाक्य बोलायचं, बस. त्यांनी घास गिळला आणि आमटी मागितली. वहिनींनी वाढली.

दादाने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो नुसता सभ्य झाला. पूर्वी दुकानातून "अगं, पाणी" असं ओरडायचा, आता स्वतः उठून आत यायचा आणि "जरा पाणी देतेस का" म्हणायचा. परक्याच्या घरी आल्यासारखा. गमतीजमती गिऱ्हाइकांपाशी व्हायच्या आणि आत येताना तो त्या उंबऱ्याबाहेर ठेवायचा. गळका नळ एका दुपारी त्याने प्लंबर आणून बदलून टाकला, एक अक्षर न बोलता. वहिनींनी नवा नळ दोनदा उघडून बंद करून पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीतही कुजबुज पोचली होती. दुकानातली ती मस्करी चार जणांनी ऐकली होती, चाराचे चाळीस झाले. भाजीच्या गाडीपाशी बायका एकदम गप्प व्हायच्या. वहिनींनी दुकानात चहा घेऊन जाणं सोडलं; त्या ट्रे मधल्या दारात ठेवून द्यायच्या.

आणि साहेब? साहेब त्याच वहिनींच्या हातचं दोन वेळा जेवत होते. मला या माणसाचा राग येतो, आणि कीवही येते, कारण ते पाषाणहृदयी नव्हते. त्यांना रोज लागत होतं. एकदा त्यांनी दादाला लिहून द्यायचं ठरवलं. बोलता येत नाही ते लिहिता येईल, अशी समजूत. पण सव्वीस वर्षांच्या सवयीने वर 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिलं गेलं, आणि तिसऱ्या ओळीत 'नजरचुकीने' हा शब्द आला तेव्हा त्यांना स्वतःचीच किळस आली. कागद फाडून त्यांनी खिशात ठेवला, आणि धुवायला टाकताना वहिनींनी ते तुकडे काढून न वाचता त्यांच्या टेबलावर ठेवले. पुढच्या निवडणुकीचं पत्र आलं तेव्हा कार्यालयात पहिली पाठ साहेबांची दुखली. सगळ्यांना नवल वाटलं.

पाच वर्षांनी लोक दादाकडे आले. एका मताने गेलं होतं, या वेळी नक्की, असं म्हणाले. दादा म्हणाला, "घरातलं मत मिळत नाही, बाहेर कुठे मागत फिरू?" वहिनी मधल्या दारात होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. मतदानाच्या दिवशी मात्र त्या गेल्या, एकट्या, आणि बोटाला शाई लावून परत आल्या. ते बोट कुणाला दाखवलं नाही. बेकरीवाला आला पुन्हा निवडून, आणि गटार आहे तिथेच आहे.

अशी अकरा वर्षं गेली. बोलायला गेलं तर काहीच बिघडलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली, साहेब निवृत्त झाले, दादाचे हात थरथरायला लागले तरी तो तार भरत राहिला. भांडण नाही, तंटा नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं, किती शांत घर.

मग दादाच्या छातीत पाणी झालं आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की फार आशा धरू नका. साहेब खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसले. आता सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं. दार अर्धवट उघडं होतं, आत वहिनी पलंगाशी बसलेल्या दिसत होत्या, आणि दोघांचं हळू आवाजात काही बोलणं चाललेलं होतं. किती वर्षांनी दोघं असे जवळ बसून बोलतायत, आपण मधे कशाला जा, असं साहेबांना वाटलं. निदान तसं वाटलं असं ते स्वतःला सांगत राहिले. नंतर नर्स आली, नंतर औषधं आणायची होती, नंतर दादाला झोप लागली. पाचव्या दिवसापासून त्याला धड बोलता येईना, समोरचं माणूस ओळखेना. आठव्या दिवशी तो गेला.

महिनाभराने दुकान आवरायला काढलं. वाइंडिंगचं मशीन एकाने मागितलं होतं, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. सकाळची वेळ होती. वहिनी खाली बसून तारेची रिळं जाडीप्रमाणे वेगळी करत होत्या. इतकी वर्षं मधल्या दारातून बघून त्यांना जाड-बारीक सगळं कळत होतं. साहेब फळीवरचे डबे खाली काढत होते. एक डबा हातात तसाच धरून त्यांनी सांगून टाकलं. प्रशिक्षणाचा दिवस, बत्तीस सह्या, तेहेतिसावी सही, तो हशा, आपलं हसणं, 'वेळेत पोचलं होतं'. काही गाळलं नाही. मोजणी सांगावी तसं सांगितलं.

वहिनींचे हात थांबले होते.

"हे मला कशाला सांगताय, भावोजी?"

"तुमच्यावर आळ आला, वहिनी. माझ्यामुळे. अकरा वर्षं."

"मी कुणाला मत दिलं ते मला माहीत होतं की." आवाज चढला नव्हता. "मला त्याची शंका कधीच नव्हती. ज्यांना होती, ते गेले."

साहेबांनी डबा खाली ठेवला. ठेवायला नीट जागा सापडेना.

"दवाखान्यात त्यांनी विचारलं मला," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, आता तरी सांग. म्हटलं, आता कसला मान आणि कसला हट्ट. मी सांगितलं. म्हटलं, अहो, तुम्हालाच दिलं होतं. दुसऱ्या कुणाला देईन मी? ती सगळी मस्करी होती."

"मग?"

"हसले. माझा हात थोपटला. म्हणाले, असू दे गं, मी तुला कधीच माफ केलंय."

साहेब दादाच्या स्टुलावर बसले.

"मी म्हटलं, माफी कसली, मी खरंच दिलं होतं. तर म्हणाले, बरं, बरं. बोलून दमले होते. धाप लागली होती. म्हटलं, राहू दे, पडू दे जरा." त्यांनी हातातलं रीळ उलटसुलट करून पाहिलं आणि कुठल्याच ढिगात ठेवलं नाही. मग पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, फक्त विचारणं होतं. "चौथा दिवस होता तो. तुम्ही दाराबाहेरच बसला होतात ना, भावोजी?"

"हो," साहेब म्हणाले. "बाहेरच होतो."